अक्काला पाठ असलेला नंबर

ट्रंककॉल काकूंनी मोबाईल सोडला, ही बातमी इमारतीतल्या बावीस बिऱ्हाडांना मोबाईलवरच कळली. सूनबाईंनी सकाळी ऑफिसच्या वाटेवरून एका मैत्रिणीला ती कळवली, अकरापर्यंत ती चौथ्या मजल्यावर पोचली, आणि बाराच्या सुमारास तळमजल्यावरचे ऑडिटरकाका पायात चपला सरकवून, दोन जिने चढून काकूंचं अभिनंदन करायला दारात उभे राहिले. काकूंना अभिनंदन नको होतं. त्यांना फोन हवा होता.

कोणता फोन, ते सांगायला हवं. काकूंनी बत्तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढली होती. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा उभा बोर्ड, हातात कॉर्ड. या भोकातली कॉर्ड त्या भोकात खुपसली की इकडचा माणूस तिकडच्या माणसाशी बोलायला लागायचा. परगावचा फोन म्हणजे ट्रंककॉल, आणि तो तीन मिनिटांचा. माणसं सोयरीक जुळल्याचं, परीक्षेत नापास झाल्याचं, वडील गेल्याचं, सगळं तीन मिनिटांत सांगून मोकळी व्हायची. त्यामुळे काकूंना तीन मिनिटांपेक्षा लांब बोलणं आजही जमत नसे, आणि आवाज मात्र नेहमी परगावी पोचेल असा लागे. शेजारणीकडे विरजण मागितलं तरी समोरच्या इमारतीतल्या खिडक्या उघडत. ट्रंककॉल हे नाव इमारतीनं दिलं होतं, आणि काकूंनी ते मानानं घेतलं होतं.

अक्का ही त्यांची थोरली बहीण. वय ब्याऐंशी. शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून, लेकीकडे राहायची. गेली दोन वर्षं तिच्या डोक्यातून आठवणी उठून चालल्या होत्या. सभेतून लोक जातात तशा, एकेक करून. फरक इतकाच की इथे पुढच्या रांगेतल्या आधी उठल्या. काल-परवाच्या गेल्या, मग नातवंडं गेली, मग जावई गेला. जावई त्याच घरात राहत असल्यामुळे त्याला ते जरा लागलं. मोबाईलवर चेहरा दिसतो म्हणून भाचीनं, म्हणजे अक्काच्या लेकीनं, दोनदा काकूंना तसा फोन लावून पाहिला. काचेतल्या पांढऱ्या केसांच्या बाईकडे अक्कानं मिनिटभर निरखून पाहिलं आणि लेकीला बातम्या बंद करायला सांगितलं.

म्हणून एका मंगळवारी काकू स्वतःच गेल्या. अक्कानं त्यांना चांगल्या खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, लांबून आलात का, ऊन लागलं का, असं सगळं विचारलं. पाहुण्यांशी ती पहिल्यापासून अदबीनं वागायची. काकूंनी तीनदा "अगं अक्का" म्हणून पाहिलं. अक्का हसली, आणि भिंतीवरच्या घड्याळात चार वाजलेले बघून उठली.

"तुम्ही बसा हं जरा. माझी बहीण आत्ता ड्यूटीवरून घरी आली असेल. तिला फोन करायचाय."

त्या घरात जुना फोन अजून जिवंत होता. अक्कानं चष्माही न लावता नंबर फिरवला. स्वतःचं वय, लेकीचं नाव, आजचा वार यांतलं काहीही न आठवणाऱ्या बाईची बोटं बहिणीच्या घरचा नंबर बिनचूक फिरवत होती. तो फोन काकूंच्या मुलानं चार वर्षांपूर्वी काढून टाकला होता, कारण घरात चार माणसं आणि पाच मोबाईल होते. पलीकडून ध्वनिमुद्रित आवाज आला, की हा क्रमांक अस्तित्वात नाही.

"अस्तित्वात नाही म्हणजे काय हो बाई? माझी बहीण राहते तिथं," अक्का त्या आवाजाला म्हणाली. "नवीन दिसताय. सुपरवायझरना द्या फोन." सुपरवायझर आल्या नाहीत. अक्कानं रिसीव्हर ठेवला आणि पाहुणीशेजारी येऊन बसली. "हल्ली ऑपरेटर चांगल्या मिळत नाहीत. माझ्या बहिणीच्या वेळी असं नव्हतं."

"नव्हतं," काकू म्हणाल्या.

भाचीनं जिन्यापर्यंत येऊन सांगितलं, की हे रोज चारला होतं. रोज.

परतीच्या बसमध्ये रडायला काही हरकत नव्हती. उभी-बसलेली सगळी माणसं माना खाली घालून हातातल्या काचेत बघत होती, कुणाचं लक्ष गेलं नसतं. पण कुणाचंच लक्ष नसताना रडायची काकूंना सवय नव्हती. त्या घरी आल्या, जेवायला बसल्या, आणि झालेलं सगळं अडीच मिनिटांत सांगितलं. मुलगा म्हणाला, "हं." सूनबाई म्हणाल्या, "अरेरे," आणि अंगठ्यानं काहीतरी वर सरकवलं. नात हसली. नंतर कळलं की ती दुसऱ्याच कशालातरी हसली होती, पण तोवर काकू उठल्या होत्या. मुलानं वाढदिवसाला दिलेला मोबाईल त्यांनी लोखंडी कपाटात, थंडीच्या पांघरुणांखाली ठेवला, कुलूप लावलं, आणि जाहीर केलं की आजपासून हा बंद, आणि घरात जुना फोन परत लागेल. तोच. त्याच नंबरचा.

"आई, लँडलाइन आता कोण घेतं?" मुलानं विचारलं.

"मी घेते," काकू म्हणाल्या, आणि समोरच्या इमारतीतली एक खिडकी उघडली.

एवढीच गोष्ट होती. पण ऑडिटरकाकांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधल्या होत्या. निवृत्तीनंतर शोधायला घरचीच माणसं उरली होती, आणि ती मोबाईलमध्ये बघत असल्यामुळे त्यांचं ऐकत नव्हती. या गृहस्थांना एका कार्याची फार गरज होती, आणि ते काकूंच्या कपाटातून चालत आलं. दोनच दिवसांत त्यांनी मोबाईलमुक्ती मंडळ काढलं आणि काकूंना अध्यक्ष केलं. काकूंनी नको म्हटलं तो विनय समजण्यात आला.

सभेची सूचना जिन्याखालच्या फळ्यावर लावली. ती तीन दिवस कुणीच वाचली नाही. शेवटी ऑडिटरकाकांच्या बायकोनं ती इमारतीच्या ग्रुपवर टाकली आणि अकरा माणसं जमली. दारातच धुण्याच्या टोपलीत सगळ्यांचे मोबाईल जमा झाले. मग दहा मिनिटं काय बोलायचं ते कुणाला सुचेना. वर्षानुवर्षं एकाच जिन्यानं चढणारी माणसं एकमेकांच्या चेहऱ्याकडे पाहत होती, आणि काही चेहरे चांगलेच म्हातारे झालेले आढळले. शेजारच्या संगीत शिकवणाऱ्या बाईंनी हळूच विचारलं, की पहिल्या मजल्यावरचे आजोबा आले नाहीत का. ते दोन वर्षांपूर्वी गेले होते. ग्रुपवर होतं ते. बाईंनी त्याला अंगठाही दाखवला होता. तेवढ्यात टोपली वाजली. सगळ्यांची धून एकच असल्यामुळे अकराही जण उठले, आणि त्या गडबडीत संगीतबाई विमा एजंटाचा मोबाईल घेऊन घरी गेल्या. दिवस मावळेपर्यंत एजंट लहान मुलींना सूर धरून ठेवायला सांगत होता आणि बाई एका अनोळखी गृहस्थांना मरणानंतरचे फायदे विचारत होत्या.

सल्ल्यांना तर सुमार नव्हता. कुणी म्हणालं, नवा नंबर घ्या आणि अक्काला तो पाठ करायला लावा. हा सल्ला देणाऱ्यांना स्वतःच्या बायकोचा नंबर पाठ नव्हता. कुणी म्हणालं, बहिणीच्या खोलीत तुमचा मोठा फोटो लावा. विमा एजंट म्हणाला, एक यंत्र निघालंय, ते तुमच्या आवाजात त्यांच्याशी परस्पर बोलत राहील, तुम्हाला वेळ द्यायला नको. काकूंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं पुढचे पंधरा दिवस लिफ्ट टाळली.

लिफ्टचंही येईलच, पण आधी अर्जाचं. फोनचा अर्ज करायला काकू टेलिफोनच्या कचेरीत गेल्या, तर खिडकीतल्या कारकुनानं कागदी अर्ज बंद झाल्याचं सांगितलं. अर्ज मोबाईलवरून करायचा, मोबाईलवर ओटीपी येणार, तो टाकायचा. काकूंनी त्याला समजावलं, की मोबाईल नको म्हणून तर फोन पाहिजे. कारकून वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "आजी, इथं लोक फोन काढायला येतात. लावायला आलेल्या तुम्ही पहिल्या. मलाच रीत नीट माहीत नाही."

बाहेर पडताना त्या वरच्या मजल्यावर डोकावून आल्या. तिथंच त्यांचा हॉल होता. बेचाळीस खुर्च्या, बेचाळीस बायका, हेडफोननं केसांत पडलेल्या बेचाळीस खाचा, आणि मधमाश्यांच्या पोळ्यासारखा एकसारखा गुणगुणणारा आवाज. तो मजला आता व्यायामशाळेला भाड्यानं दिला होता. काकूंची सतरा नंबरची जागा खिडकीजवळची. तिथे एका पट्ट्यावर एक तरुण कानांत गाण्याची बोंडं घालून जीव खाऊन धावत होता आणि इंचभरही पुढं जात नव्हता. काकू थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. त्याला वाटलं त्यांना पट्टा हवाय. त्यानं बोटानं शेजारचा दाखवला.

घरी येऊन त्यांनी ठरवलं, अर्जापुरता मोबाईल बाहेर काढायचा. हे ऑडिटरकाकांना कळलं. अध्यक्षांनीच व्रत मोडलं तर मंडळाचं काय राहील, हे सांगायला ते तातडीनं वर निघाले, आणि तातडी म्हणून लिफ्टनं निघाले. ती पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली. आतलं धोक्याचं बटण केव्हाच बंद पडलेलं. तक्रार करायची झाली तर दारावरचा चौकोन मोबाईलनं टिपायचा, अशी सूचना मात्र होती. ऑडिटरकाकांचा मोबाईल घरी टोपलीत. ते तासभर ओरडत होते. खाली पहारेकरी कानांत बोंडं घालून सिनेमा बघत होता. शेवटी त्यांना कुणी ऐकलं तर काकूंनी, कारण इमारतीत कान रिकामे असलेल्या त्या एकट्याच होत्या. पण बाहेर आल्यावर ऑडिटरकाका पाणी पिऊन पहिलं वाक्य बोलले ते हे, की अध्यक्षांचा निष्काळजीपणा मंडळाला भोवला. मंडळ त्याच संध्याकाळी बरखास्त झालं आणि तसं ग्रुपवर कळवण्यात आलं.

अर्ज अजून तिथंच होता. कपाटातला मोबाईल चार्ज होऊन जागा होईपर्यंत ओटीपीची मुदत संपायची. दुसरा मागवावा तर काकू चष्मा शोधेपर्यंत तोही शिळा. बत्तीस वर्षं नंबर जोडणाऱ्या बाईला सहा आकडे वेळेत टाकता येईनात, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. आठ दिवसांनी नातीनं तो अर्ज दीड मिनिटात भरला. मान वर न करता.

या सगळ्यात दोन महिने गेले. मधेच भाचीनं सूनबाईंच्या मोबाईलवर कळवलं, की अक्का हल्ली चारला भांडत नाही. नंबर फिरवते आणि पंधरा पंधरा मिनिटं छान बोलते. हसते. रिकाम्या लाइनशीच बोलत असणार, भाची म्हणाली, पण मावशी, ती खूश आहे. मी काही म्हणत नाही. काकूंनी ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरी उघडायच्या आधीच जाऊन पायरीवर बसल्या. बहीण हवेशी बोलायला लागली म्हणजे आता वेळ फार उरला नाही, असा त्यांनी हिशेब केला.

कारकुनानं संगणकात पाहिलं, आणि तो नंबर दोन महिन्यांपूर्वीच दुसऱ्याला दिला गेल्याचं सांगितलं. कुणाला, ते सांगायचा नियम नव्हता. काकूंनी त्याच्याच टेबलावरचा फोन पुढे ओढला आणि तो नंबर लावला. दातांचा दवाखाना निघाला. काकूंच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून.

दाताचे डॉक्टर म्हणजे भला माणूस. इंटरनेटची जोडणी घेतली तेव्हा हा फोन गळ्यात पडला, ते म्हणाले. पेशंट सगळे मोबाईलवरून वेळ घेतात, हा वाजतो हेच मला माहीत नव्हतं, खुशाल घेऊन जा. त्यांनी तिथल्या तिथे सही केली. काउंटरवरच्या बाईनं सहीवर शिक्का मारला, पण काकूंच्या मागोमाग ती जिन्यापर्यंत आली. पस्तिशीची असेल.

"नका ना नेऊ तो नंबर," ती म्हणाली. "रोज चार वाजता एका आजींचा फोन येतो त्याच्यावर."

काकूंनी विचारलं, "काय म्हणतात त्या?"

"चिमे, आलीस का ड्यूटीवरून, म्हणतात."

चिमी म्हणजे काकू. त्या नावानं हाक मारणारं जगात एकच माणूस उरलं होतं.

"आणि तुम्ही हो म्हणता? माझी बहीण आहे ती. खोटं बोलता तिच्याशी?"

"पहिल्या दिवशी खरं सांगितलं होतं मी. राँग नंबर, म्हटलं. तर त्या रडायला लागल्या. म्हणाल्या, माझी बहीण गेली असेल तर तसं सांगा, मला कुणी काही सांगत नाही. मग दुसऱ्या दिवशी मी हो म्हटलं." बाईनं ओढणीसारखा गळ्याशी आलेला मास्क उगाच सारखा केला. "मला विचारतात त्या, जेवलीस का म्हणून. दिवसभर इथं माणसं येतात, काकू, पण बोलत कुणी नाही. माना खाली घालून बसतात, नंबर आला की उठतात, तोंड उघडतात आणि जातात."

काकूंना पुष्कळ बोलायचं होतं. पण जिन्यात उभ्या उभ्या बोलून त्यांची तीन मिनिटं संपली होती. सहीचा कागद घडी करून त्या खाली उतरल्या. संताप असा आला होता की दोन गल्ल्यांचं अंतर त्या चार गल्ल्या फिरून आल्या. आपल्या बहिणीला आपण हव्या होतो, आणि मधल्या मधे कुणी तिसरंच आपण होऊन बसलं होतं. बत्तीस वर्षांत त्यांच्या हातून एकही कॉल भलत्या माणसाला जोडला गेला नव्हता.

फोन लागला तो दिवस घरात मोठाच झाला. लाइनमननं हॉलच्या कोपऱ्यात तार ओढली. मुलानं ऑफिसातून अर्धी रजा घेतली, सूनबाईंनी फोनखाली विणलेला रुमाल अंथरला. नातीनं त्याचा फोटो काढून मैत्रिणींना पाठवला. त्यांतल्या दोघींनी हे काय आहे असं विचारलं. ऑडिटरकाका राग गिळून, जिन्यानं, हजर राहिले. काकू पावणेचारपासून फोनशेजारी ताठ बसल्या होत्या. चार वाजून एक मिनिटानं तो वाजला. काय वाजला. चार वर्षांत घरात कुणी हाक मारली नव्हती इतक्या मोठ्यानं वाजला.

"अक्का, मी बोलतेय," काकू म्हणाल्या.

पलीकडून अदबीचा आवाज. "कोण आपण?"

"अगं मी. चिमी."

"चिमीला द्या ना जरा."

"मीच चिमी, अक्का."

"आवाज ओळखते हो मी तिचा. तुम्ही कोण बाई? कालपर्यंत ती होती इथं. कुठं गेली?"

काकू आजूबाजूची माणसं विसरल्या. त्यांनी पुरावे द्यायला सुरुवात केली. शाळेच्या जिन्यावरून पडून तुझं कपाळ फुटलं, तीन टाके पडले, मी दप्तर टाकून डॉक्टरांकडे पळाले. बाबांच्या घड्याळाची किल्ली आपण हरवली आणि तू माझं नाव सांगितलं नाहीस, एकटीनं मार खाल्लास. पहिल्या पगाराच्या दिवशी तू एक्सचेंजच्या फाटकात उभी होतीस. हे सगळं त्या खालच्या आवाजात सांगत होत्या. त्यांचा खालचा आवाज घरच्यांनी पहिल्यांदाच ऐकला, आणि चार माणसांनी आपापले मोबाईल खिशात घातले.

अक्कानं सगळं ऐकून घेतलं. "हे तिनं सांगितलंय वाटतं तुम्हाला," ती म्हणाली. "चांगली मैत्रीण दिसताय तिची. ती आली की सांगा, अक्कानं फोन केला होता." आणि रिसीव्हर ठेवला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी काकूंनी आवाज बारीक, तरुण करून पाहिला. एक्सचेंजमध्ये सकाळच्या पाळीला काढायच्या तसा. अक्का घाबरली आणि तिनं लगेच फोन ठेवला. चौथ्या दिवशी चारला फोन आलाच नाही. साडेचारला भाचीचा आला. अक्का कालपासून जेवली नव्हती. माझ्या बहिणीच्या घरात कुणी म्हातारी येऊन राहिलीय, असं म्हणत होती. बहिणीला कुठं घालवलं तिनं, ते बघून या, म्हणून जावयाला पाठवत होती. जावयाची ओळख तिला निदान त्यासाठी पटली होती.

मुलगा म्हणाला, आई, सोड आता. सूनबाईंनी खांद्यावर हात ठेवला. सकाळी काकू सरळ कचेरीत गेल्या आणि नंबर दवाखान्याला परत द्या म्हणाल्या. कारकून त्यांच्याकडे बघतच राहिला. दोन महिने पायऱ्या झिजवून मिळवलेला फोन चार दिवसांत परत करणाऱ्याही त्या पहिल्याच. नंबर यायला इतका काळ लागला, जायला एक दिवस पुरला. हॉलच्या कोपऱ्यात नुसता विणलेला रुमाल राहिला. सूनबाईंनी तो उचलला नाही.

तेव्हापासून काकू रोज साडेतीनला दाताच्या दवाखान्यात जाऊ लागल्या. इमारतीत त्यावर साधकबाधक चर्चा झाली. एवढे दात खराब असतील असं वाटलं नव्हतं, असं संगीतबाई म्हणाल्या. विमा एजंटानं लवंगेच्या तेलाची बाटली आणून दिली. ऑडिटरकाकांनी हिशेब करून दाखवला, की रोजच्या एका खेपेप्रमाणे आतापर्यंत काकूंच्या तोंडात एकही दात शिल्लक नसायला हवा. काकूंनी कुणालाच काही सांगितलं नाही.

डॉक्टर दुपारी घरी जातात ते पाचला येतात. त्यांच्या खोलीत त्याच लाइनचा दुसरा फोन आहे, आणि ती खोली आणि काउंटर यांच्यामध्ये काच. चारला घंटा वाजली की बाई काउंटरवरचा रिसीव्हर उचलते आणि काकू आतला. तो कसा उचलायचा हे कळणारी माणसं आता फारशी राहिली नाहीत. आधी रिसीव्हरखालचा खटका अंगठ्यानं दाबून धरायचा, रिसीव्हर कानाला लावायचा, मग अंगठा सावकाश सोडायचा, आणि बोलायच्या बाजूवर तळवा ठेवायचा. लाइनीवरच्या दोघांना श्वासही ऐकू जात नाही.

अक्का बोलते. तिला काही आठवतं, काही अर्धवट आठवतं, आणि तिथं ती अडते. त्या घड्याळाचं काय झालं गं शेवटी? बाईला कुठून माहीत असणार. ती काचेतून बघते. मग काकू पेशंटला वेळ लिहून देतात त्या कार्डाच्या मागच्या बाजूला लिहितात, की तुलाच गादीखाली सापडली किल्ली, वर्षभरानं, आणि कार्ड काचेला लावतात. बाई वाचते. पलीकडे अक्का खळखळून हसते. काकू तळव्याआड हसतात. बाहेर बाकांवर लवकर आलेले पेशंट माना खाली घालून बसलेले असतात. एकदा एका लहान मुलीनं मान वर करून पाहिलं होतं, की काचेआडची आजी फोन कानाला लावून बसलीय आणि बोलत काहीच नाही. तिनं आईला ते सांगायचा प्रयत्न केला. आई कामात होती.

परवाच्या रविवारी दवाखाना बंद, म्हणून काकू दोन बस बदलून अक्काकडे जाऊन आल्या. चांगल्या खुर्चीत बसल्या, पाणी प्यायल्या. अक्काची नखं वाढली होती ती त्यांनी कापून दिली. अक्कानं आढेवेढे घेतले, मग हात पुढं केला.

सोमवारी चारला फोन आला. जेवलीस का, ड्यूटी कशी झाली, हे सगळं झालं. मग अक्का म्हणाली, "चिमे, काल एक बाई आली होती माझ्याकडे. पांढऱ्या केसांची. बिचारी माझी नखं कापत बसली होती. सारखी मला अक्का अक्का म्हणत होती. कोण असेल गं?"

बाईनं काचेतून पाहिलं आणि लगेच नजर खाली घेतली. काकूंनी कार्ड पुढं ओढलं. पेन कार्डावर टेकलं, आणि बराच वेळ तिथंच राहिलं. पलीकडे अक्का थांबली होती. एखादी ऑपरेटर लाइन जोडून देईपर्यंत माणूस थांबतो तशी, न कुरकुरता. मग काकूंनी लिहिलं, कार्ड काचेला लावलं, आणि बाईनं एकेक शब्द सांभाळून वाचला.

"ओळखते मी तिला, अक्का. चांगली आहे. येऊ दे तिला."

"येऊ दे की," अक्का म्हणाली. "मी कुठं नाही म्हणते?"